वाचकांचे प्रश्न : खाऱ्या टाकीचं पाणी किती दिवसांनी बदलायचं?

गेल्या दोन महिन्यांत आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीची होती: समुद्री मासे आणि प्रवाळ ठेवलेल्या टाकीचं पाणी. त्यांतली सहा इथे घेतली आहेत. उत्तरं देण्याआधी माझ्याबद्दल दोन वाक्यं. दुबईत करामा भागात राहत असताना अकरा वर्षं मी तीनशे लिटरची प्रवाळांची टाकी सांभाळली. आता ठाण्यात नौपाड्याच्या घरी १८० लिटरची खारी टाकी आहे आणि तिच्यात फक्त मासे आणि झिंगे आहेत. प्रवाळ का नाहीत ते मालवणच्या पत्रात येईल.

प्रश्न : ताई, आमच्याकडे दीड वर्षापासून ३०० लिटरची रीफ टँक आहे. दोन क्लाऊनफिश, एक पिवळा टँग, दोन लहान मासे आणि सात-आठ कोरल. दर शनिवारी न चुकता ३० लिटर पाणी बदलतो. तरी नायट्रेट ४० च्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली येत नाही आणि कोरल तपकिरी दिसायला लागलेत. दुकानदार म्हणतो, पंधरा दिवसांनी पाव टाकी बदला. मित्र म्हणतो, स्किमर चांगला असेल तर बदलायची गरजच नाही. कुणाचं ऐकू?
— एक वाचक, शारजा

उत्तर : तुम्ही लिहिलेल्या ३० आणि ४० या दोन आकड्यांतच सगळं आलंय. ३०० लिटरमधले ३० लिटर म्हणजे दहावा भाग. नायट्रेट ४० असताना दहावा भाग पाणी काढलंत, की नायट्रेट चाराने उतरतं, ३६ होतं. पुढच्या शनिवारी परत ४० दिसतं. म्हणजे तुमची टाकी आठवड्याला चार नायट्रेट तयार करते आणि तुम्ही आठवड्याला चारच काढता. आवक-जावक बरोबरीची झाली आहे. अशीच दहा वर्षं बदलत राहिलात तरी आकडा तिथेच राहील. यात तुमच्या नेमाचा काही दोष नाही, नेम चांगलाच आहे.

हे चार येतात कुठून? तुम्ही टाकता त्या खाण्यातून. खाल्लेलं माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून, न खाल्लेलं वाळूत कुजून अमोनिया होतं. खडकांवरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. खडकाच्या आत, जिथे ऑक्सिजन पोचत नाही, तिथे काही नायट्रेट वायू होऊन निघूनही जातं. उरलेलं पाण्यात साठतं.

आता हिशेब सोपा आहे. आठवड्याची भर भागिले दर आठवड्याला बदलता तो हिस्सा, म्हणजे टाकी जिथे जाऊन थांबते तो आकडा. चार भागिले दहावा भाग, चाळीस. तुम्ही २० टक्के, म्हणजे ६० लिटर बदलायला लागलात तर टाकी हळूहळू २० वर येऊन थांबेल. खाणं निम्मं करून आठवड्याची भर दोनवर आणलीत आणि ६० लिटरही बदलत राहिलात, तर १० वर. आठ आठवड्यांनी मोजाल तेव्हा १५ च्या आसपास असाल आणि आकडा अजून उतरत असेल.

दुकानदाराचं म्हणणंही याच हिशेबात बसवून पाहा. पंधरा दिवसांनी पाव टाकी म्हणजे आठवड्याला साडेबारा टक्के, तुमच्यापेक्षा थोडंसं जास्त. नायट्रेट ३२ पर्यंत चढेल, बदलल्यावर २४ वर येईल. आणि कुणी महिन्यातून एकदाच ४० टक्के बदललं तर? चढून ४० च, उतरून २४. माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो. महिन्याला एकूण किती पाणी बदलता यावर नायट्रेटची कमाल ठरते. ते किती वेळा विभागून बदलता यावर टाकीला बसणारा झटका ठरतो. आठवड्याला थोडं बदललं तर नायट्रेट ४० वरून ३६ वर येतं, महिन्याने एकदम बदललं तर ४० वरून २४ वर. माशाला ते कळणारही नाही कदाचित, पण प्रवाळ एकाच जागी चिकटलेला जीव आहे. पाणी अंगावर येईल तसं सोसण्याशिवाय त्याला दुसरा मार्ग नाही. म्हणून माझं मत ठाम आहे: दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, १० ते २० टक्के. दुबईत तेव्हा शुक्रवारची सुट्टी असायची, म्हणून माझा पाणी बदलायचा वार शुक्रवार. ठाण्यात येऊन बरीच वर्षं झाली तरी तोच आहे.

मित्र म्हणतात ते पूर्ण खोटं नाही. स्किमर फेसाबरोबर घाण उचलतो ती कुजून नायट्रेट व्हायच्या आधीच, हा त्याचा मोठा गुण. पाणी जवळजवळ न बदलता टाक्या चालवणारी माणसंही होऊन गेली. १९६० च्या सुमारास जकार्तातले ली चिन एंग समुद्रातले जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाक्या राखायचे. त्याही आधी, १८४६ मध्ये, ॲना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेले. सुरुवातीला त्या समुद्राचं पाणी मागवून एक दिवसाआड बदलायच्या. मग पाणी पुरेना, तेव्हा घरकाम करणारी मुलगी उघड्या खिडकीशी उभी राहून तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायची, हवा मिसळावी म्हणून. प्रवाळ जगले. त्या मुलीचे हात किती भरून येत असतील, हे मला दर वेळी वाटतं. तेव्हा पाणी न बदलताही चालतं, पण मग पाणी जे देतं आणि नेतं ते सगळं दुसऱ्या कुणीतरी करावं लागतं. स्किमर काढतो फक्त. प्रवाळांनी शोषलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बारीकसारीक क्षार तो परत घालत नाही.

तुम्ही करायचं ते असं. गोठवलेल्या मायसिसचा, म्हणजे बारीक झिंग्यांसारख्या खाद्याचा, तुकडा थेट टाकीत सोडत असाल तर बंद करा. तो वाटीत विरघळू द्या, गाळणीवर ओता, पाणी फेकून द्या आणि राहिलेलं द्या. दोन मिनिटांत संपेल एवढंच. टँगला समुद्री शेवाळाची पट्टी चिमट्याला लावून द्या, उरलेली संध्याकाळी काढून टाका. पाणी काढताना ते वरून उपसू नका. नळी वाळूवर आणि खडकांच्या मागे फिरवा, कचरा तिथे असतो. नळीला पाणी चढवायला तोंडाने मात्र ओढू नका. गोल बटणांसारखे दिसणारे झोआन्थस तुमच्याकडे असतील, तर त्यांच्यातल्या काही जातींच्या अंगात फार जहाल विष असतं.

आणि आकडा शून्यावर नेण्याचा हट्ट धरू नका. ५ ते १० वर थांबा. प्रवाळाच्या पेशींत शेवाळ राहतं, ते प्रकाशावर साखर करून प्रवाळाला जगवतं. त्या शेवाळालाही थोडं नायट्रेट-फॉस्फेट लागतंच. ते अती झालं की शेवाळ दाट होतं आणि प्रवाळ तपकिरी दिसतो, तुमचं तेच झालंय. अगदीच संपलं की प्रवाळ फिका पडतो आणि वाळूवर बुडबुड्यांची तपकिरी बुळबुळीत साय धरते. ती घालवणं नायट्रेट घालवण्यापेक्षा अवघड.

प्रश्न : काकू, माझी टाकी २०० लिटरची आहे. दोन क्लाऊनफिश आणि दोन झिंगे. एप्रिलअखेर पंखा लावला, तेव्हापासून रोज चार लिटर पाणी कमी होतं. तेवढं तयार खारं पाणी रोज घालते. तीन आठवडे झाले. रोज नवं पाणी पडतंच आहे, मग वेगळं बदलायला हवं का? एक झिंगा गेला, दुसरा कोपऱ्यातून हलत नाही.
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : हे वाचून हातातलं काम सोडून तुम्हाला आधी वेगळं उत्तर पाठवलं होतं, इथे सगळ्यांसाठी देते. वाफ होते ती पाण्याची. मीठ टाकीतच राहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे तुमच्या २०० लिटरमध्ये सात किलो. रोजचे चार लिटर, एकवीस दिवस, म्हणजे ८४ लिटर खारं पाणी. त्यातून जवळजवळ तीन किलो मीठ टाकीत जास्तीचं गेलं. खारेपणा ३५ चा ५० च्या आसपास गेला असणार. झिंग्याला इतका बदल सोसत नाही.

वाफ झालेलं पाणी नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने भरायचं. टाकीच्या काचेवर पाण्याच्या पातळीला पेनने खूण करा आणि रोज त्या खुणेपर्यंत आरओ-डीआयचं, म्हणजे सगळे क्षार काढलेलं पाणी घाला. हे पाणी ‘बदलणं’ नव्हे, ती गळती भरून काढणं झालं. बदलायचं पाणी त्यापेक्षा वेगळं, आठवड्याचं, खारं.

आता चूक दुरुस्त करायची ती सावकाश. आधी मोजा, माझा अंदाज आहे त्यावर विसंबू नका. खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरचा काटा नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर लावून भागत नाही, ३५ चं तयार द्रावण मिळतं त्याने लावा. खरंच ५० निघालं, तर रोज आठ लिटर टाकीतलं पाणी काढून आठ लिटर शुद्ध गोडं पाणी बारीक धारेने घाला. रोज सुमारे दोन अंकांनी उतरेल, आठ-नऊ दिवसांत ३५ ला याल. ३५ आलं की थांबा.

पंखा लावलात ते योग्यच केलंत. पुण्याच्या कोरड्या हवेत पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं, आमच्या ठाण्याच्या दमट मे महिन्यात तेवढं उतरत नाही.

प्रश्न : मालवणला समुद्रापासून घर दोनशे पावलांवर आहे. महागाची मीठ-पावडर कशाला घ्यायची? समुद्राचंच पाणी आणून दर आठवड्याला बदललं तर चालेल ना? शिवाय किल्ल्याच्या बाजूला ओहोटीला प्रवाळाचे तुकडे दिसतात, त्यातले एक-दोन आणून ठेवले तर?
— एक वाचक, मालवण

उत्तर : आधी दुसऱ्याचं उत्तर, कारण त्यात ‘पण’ नाही. आणू नका. मेलेला तुकडासुद्धा नाही. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, काळं प्रवाळ हे सगळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. शिवाय सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतीचं पाणी १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात येतं. दुबईत मी टाकीत वाढवलेल्या प्रवाळांची रोपं विकत घ्यायची. भारतात परत आल्यावर माझ्या टाकीत दगडी प्रवाळ नाही आणि येणारही नाही. प्रवाळ बघायचे तर तुमच्या दारातच आहेत, ओहोटीला डोकं पाण्यात घालून बघा. मी तुमच्या जागी असते तर टाकी घेतलीच नसती.

पाण्याचं म्हणाल, तर समुद्राचं स्वच्छ पाणी कुठल्याही पावडरीपेक्षा चांगलं. ‘स्वच्छ’ या शब्दावर सगळं अडतं. पावसाळ्यात नको. नद्या-खाड्यांचं गोडं पाणी किनाऱ्यावर पसरतं, खारेपणा उतरतो, गाळ आणि शेतातली खतं येतात. नोव्हेंबर ते मे एवढेच महिने धरा. भरतीच्या वेळी घ्या, खाडीच्या मुखापासून आणि होड्यांच्या धक्क्यापासून लांब. डिझेलचा तवंग दिसत नसला तरी धक्क्याजवळचं पाणी नकोच. खाण्याच्या वस्तूंसाठीचा, झाकणाचा पिंप वापरा. घरी आणून जाड कापडातून गाळा आणि अंधारात, हवेचा पंप लावून काही दिवस ठेवा. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात, ते मरताना ऑक्सिजन खातात. तसंच्या तसं टाकीत ओतलंत तर ते मरणं टाकीत होईल. मग खारेपणा मोजा, तापमान टाकीइतकं करा आणि घाला. जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांसाठी पावडरीचा एक डबा मात्र घरात असू द्या.

प्रश्न : आमच्याकडे मिठागरांचं जाडं मीठ स्वस्त मिळतं. स्वयंपाकघरात आरओही आहे. या दोन्हीचं पाणी करून दर पंधरा दिवसांनी बदललं तर? पाणी कालवायला आजीचा मोठा तांब्याचा हंडा आहे.
— एक वाचक, भाईंदर

उत्तर : तिन्ही गोष्टी थांबवायला हव्यात, आणि सगळ्यात आधी हंडा. तांबं झिंगे, शिंपले, समुद्रफूल, प्रवाळ यांना विष आहे, फार थोड्या मात्रेतही. खाऱ्या पाण्यात हंड्याचं तांबं उतरतं. माशांच्या काही रोगांवर तांब्याचं औषध देतात, तेसुद्धा वेगळ्या टाकीत. आजींचा हंडा पिण्याच्या पाण्यालाच राहू द्या. कालवायला प्लास्टिकचा पिंप.

मिठाचं कारण मिठागरातच दिसतं. समुद्राचं पाणी वाफ होत आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. चुनखडी आणि जिप्सम आधी बसतात, म्हणजे कॅल्शियम गेलं. मग आपलं मीठ बसतं. मॅग्नेशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहतं आणि ते पाणी मीठ काढायच्या आधी सोडून देतात. तुमच्या हातात येतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एका लिटरमध्ये मॅग्नेशियम सुमारे १३०० मिलिग्रॅम आणि कॅल्शियम ४०० मिलिग्रॅम असतं. जाडं मीठ हवं तेवढं घाला, हे दोन येणार नाहीत. चव समुद्राची आली म्हणून तो समुद्र होत नाही.

स्वयंपाकघरातला आरओ पिण्यासाठी बनवलेला असतो. त्यात चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतात किंवा क्षार घालतात. टीडीएस मीटर बुडवून बघा, पन्नास-शंभर दाखवेल. टाकीसाठी शून्य लागतं, म्हणून आरओच्या पुढे डीआयचा टप्पा जोडतात. न गाळल्या गेलेल्या सिलिकेटवर काचेवरचं तपकिरी शेवाळ पोसतं आणि लोक त्याला माशांची घाण समजून आणखी पाणी बदलत बसतात, त्याच पाण्याने.

कालवताना आधी पाणी, मग पावडर. आधी पावडर टाकून वर पाणी ओतलं तर कॅल्शियम पांढऱ्या गाळासारखं बसतं आणि परत विरघळत नाही. तीस लिटरला साधारण एक किलो शंभर ग्रॅम, कंपनीप्रमाणे थोडं कमी-जास्त. पंप आणि हीटर लावून रात्रभर फिरू द्या, सकाळी मोजा. काढलेलं पाणी मोरीत ओता, बाल्कनीतल्या कुंड्यांत नको. तुळस जाईल.

प्रश्न : आमची टाकी ४५० लिटरची, दगडी कोरल भरपूर वाढलेत. केएच (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप) आठवड्यात ८.५ वरून ५ वर येतो. आठवड्याला १० टक्के पाणी बदलते, मिठाचा केएच ८.५ आहे. आता आठवड्यातून दोनदा बदलू की तीनदा?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुमचे प्रवाळ छान वाढतायत याचं अभिनंदन, पण ही भूक पाणी बदलून भागणारी नाही. केएच पाच असताना साडेआठचं पाणी दहा टक्के घातलं, तर टाकीचा केएच ०.३५ ने वाढतो. गेला होता साडेतीन. अर्धी टाकी बदलली तरी १.७५ च येईल, आणि दर आठवड्याला सव्वादोनशे लिटर बदलणं म्हणजे तुम्हालाही शिक्षा आणि प्रवाळांनाही. प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन सांगाडा बांधतात. रोजचा खर्च रोजच भरायला हवा.

त्यासाठी शाळेच्या प्रयोगशाळेत केलेली गोष्ट आठवा: चुन्याची निवळी. हौशी लोक तिला जर्मन नावाने कॅल्कवासर म्हणतात, पण ती आपली निवळीच. एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे दीड ग्रॅम चुना ढवळायचा, झाकून ठेवायचा, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी घ्यायचं. त्यातून कॅल्शियम आणि केएच दोन्ही, प्रवाळ ज्या प्रमाणात वापरतात त्याच प्रमाणात मिळतात. तुमचा केएच रोज अर्ध्याने उतरतो. ४५० लिटरला तेवढा भरून काढायला रोज साधारण दोन लिटर निवळी लागेल. वाफ होऊन गेलेल्या पाण्याच्या जागीच ती घालायची, म्हणजे वेगळं पाणी वाढत नाही.

पण ती थेंबथेंब, रात्रभरात. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतली तर टाकी एका रात्रीत जाईल. रात्री अशासाठी की दिवे बंद झाल्यावर टाकीचा पीएच आपसूक उतरतो, त्याला थोडा आधार मिळतो. सुरुवात अर्ध्या लिटरने करा, रोज केएच मोजा आणि त्याप्रमाणे हळूहळू वाढवा. पाचवरून साडेआठवर यायला वेळ लागला तर लागू द्या. चुना खाण्याच्या प्रतीचा, शुद्ध. तुमच्याकडे काकड्यांच्या लोणच्यासाठी विकतात तो चालतो. पानाला लावायचा ओला चुना नको, त्यात काय काय असतं सांगता येत नाही. डोळ्यांत उडू देऊ नका.

आठवड्याचे १० टक्के मात्र सोडू नका. निवळी दोनच गोष्टी देते. मॅग्नेशियम, पोटॅशियम, स्ट्राँशियम नव्या पाण्यातूनच येतात आणि घाण जुन्या पाण्याबरोबरच जाते.

प्रश्न : गणपतीला दहा दिवस गावी जाणार आहोत. निघायच्या दिवशी अर्धी टाकी बदलून जावी, म्हणजे काळजी नको, असं यजमानांचं म्हणणं. आल्यावर पुन्हा अर्धी. बरोबर आहे का? शेजारच्या वहिनी रोज येऊन खाणं घालतील.
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : यजमानांची काळजी खरी आहे, पण असं करू नका. याचं उत्तर मला वाचून आलेलं नाही.

२०११ च्या जुलैत आम्ही रत्नागिरीला आईकडे महिनाभर राहून दुबईला परतलो. टाकी धूसर दिसत होती, काचेवर शेवाळ. महिनाभर पाणी बदललं नाही या अपराधी भावनेने मी त्याच दुपारी ३०० पैकी १५० लिटर बदललं. नवं मीठ वेगळ्या कंपनीचं होतं. त्याचा केएच मी मोजला तो चार दिवसांनी, साडेअकरा. टाकीचा सव्वासात होता. म्हणजे एका दुपारी केएच दोन अंकांहून जास्त वर आणि नायट्रेट निम्म्यावर. आठवडाअखेर ॲक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळाची टोकं पांढरी झाली, मग कातडं फांद्यांवरून सोलत खाली आलं. करंगळीएवढा तुकडा आणला होता, सहा वर्षांत तो ओंजळीत मावणार नाही एवढा झाला होता. पंधरा दिवसांत पांढरा सांगाडा राहिला. महिनाभराच्या दुर्लक्षाने तो गेला नव्हता. मी परत आल्यावर केलेल्या घाईने गेला.

म्हणून जाण्याआधी पाच दिवस नेहमीचं १०-१५ टक्के पाणी बदला, म्हणजे काही बिघडलंच तर तुम्ही घरात असाल. शेवटच्या दिवशी कशालाही हात लावू नका, फक्त स्किमरचा कप धुऊन ठेवा. वाफेचं पाणी भरायला आपोआप चालणारा टॉप-अप असेल तर त्याचा पिंप दहा दिवस पुरेल का बघा. नसेल तर वहिनींसाठी रोजच्या मापाच्या शुद्ध पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. खाणं डब्यासकट देऊ नका. औषधाच्या गोळ्यांच्या वारांच्या डबीत एकेका दिवसाचं मोजून भरा आणि डबा घरातून हलवा, कारण मासे काचेशी येऊन तोंड उघडू लागले की कुणालाही राहवत नाही. एक दिवस उपास घडला तरी त्यांना काही होत नाही. वहिनींना पाणी बदलायला सांगू नका. वीज गेली तर लावायचा बॅटरीवरचा हवेचा पंप टाकीशेजारी ठेवा आणि एकदा त्यांच्याच हाताने चालू करून घ्या. वीज गेल्यावर माशांना नव्या पाण्याआधी हवा लागते.

परत आल्यावर आधी मोजा: खारेपणा, तापमान, अमोनिया, केएच. अमोनिया दिसला, म्हणजे एखादा मासा खडकामागे मेला असेल, तरच त्या दिवशी मोठा बदल, तिसरा हिस्सा. त्या पाण्याचा खारेपणा आणि केएच टाकीशी जुळवून, मगच. बाकी सगळं ठीक असेल तर सामान लावा, झोपा, आणि दहा टक्के पाणी तुमच्या नेहमीच्या वारी बदला.